टेंभरं वाळत घालायचे दिवस

दिवाळी होऊन जाते, माझी सून प्राजक्ता आकाशकंदील खोक्यात भरून कपाटावर टाकते, आणि मग आमच्या मागच्या बंगल्यातलं ते झाड दिसायला लागतं. एरवी ते असतंच, पण लक्ष जात नाही. पानं गळून पडली की काळ्या वाकड्या फांद्यांवर नुसती केशरी फळं उरतात. भांडी घासताना खिडकीतून बघितलं की वाटतं, सण संपला तरी कुणीतरी दिवे काढायचे विसरलं आहे.

इथे अमेरिकेत त्याला पर्सिमन म्हणतात. मी टेंभरंच म्हणते. आमच्या भंडाऱ्याकडच्या जंगलात टेंभुर्णीला लागतात ती लिंबाएवढी, इथली चांगली मुठीत न मावणारी. पण डोक्यावरची चार पाकळ्यांची टोपी तीच. कच्चं चावलं तर जीभ आवळून धरणारी चवही तीच. आमच्या टेंभुर्णीची पानं विडीला जातात. चौथीची परीक्षा झाली आणि उन्हाळ्यात मी आईबरोबर पानं तोडायला गेले. पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला होती. जून उजाडला तेव्हा कुणी काही विचारलं नाही, मीही विचारलं नाही. पानांचे पुडे बांधत राहिले.

त्यामुळे सनीव्हेलला लेकाकडे, अविनाशकडे आले आणि दुसऱ्या वर्षी ते झाड पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा माहेरचं कुणी भेटावं तसं झालं. ह्या परक्या मुलखात माझं ओळखीचं असं तेवढंच होतं. बाकी सगळ्याची मला भीती वाटायची. फोन वाजला तर मी उचलत नसे. दारावरची घंटा वाजली तर स्वयंपाकघरातच उभी राहत असे. भावाशी बोलायचं तर अविनाश फोनचं कार्ड खरवडून, लांबच लांब नंबर दाबून फोन माझ्या हातात द्यायचा, आणि मला सुचायचं नाही काही. "बरं आहे, तू बरा आहेस ना," एवढं म्हणून मी फोन परत करायची.

मिचिकोबाई मला भेटल्या त्या कपडे धुवायच्या खोलीत. आमच्या अपार्टमेंटमध्ये सगळ्यांना मिळून एकच खोली होती, ओळीने मशिनं, नाणी टाकून चालवायची. दुपारी तिथे कुणी नसे म्हणून मी दुपारी जायची. त्याही त्याचसाठी यायच्या. लहान चणीची जपानी बाई, केस पांढरे, गुडघे दुखत असावेत असं चालणं. मी एका टेबलाशी, त्या दुसऱ्या. कित्येक दिवस आम्ही एकमेकींकडे पाहून नुसती मान हलवायचो.

त्या कपड्यांची घडी घालायच्या तशी घडी मी कुठे पाहिली नव्हती. टॉवेल असो, चादर असो, साधा पायमोजा असो. कोपऱ्याला कोपरा लावायचा, तळहाताने दाबायचा, जरा इकडेतिकडे झालं की उलगडून पुन्हा. मी एकदा गंमत म्हणून नातीच्या, ईराच्या फ्रॉकची तशी घडी घालून पाहिली. त्यांनी बघितलं, जवळ आल्या, एक बाही बोटभर आत सरकवली आणि मागे होऊन पाहिलं. मग तोंडावर हात ठेवून हसल्या. तेवढ्यात ईरा "आजी, आजी" करत आली, आणि त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी आजी-सान झाले; सान म्हणजे त्यांच्याकडे नावापुढे लावायचं, आपल्या 'बाई'सारखं. ते माझं नावच आहे असं त्यांना वाटलं असावं. मीही दुरुस्त केलं नाही. तसं माझ्या नावाने हाक मारणारं तिथे होतं तरी कोण!

त्यांना इंग्रजी माझ्याएवढंच यायचं, म्हणजे थँक्यू, सॉरी आणि हॉट. ह्या तीन शब्दांवर आमची मैत्री छान चालली. त्या हिरवा चहा द्यायच्या, मी पोहे न्यायची. तिखट लागलं की त्या "हॉट" म्हणायच्या आणि चहा पोळला की मी.

त्यांची मुलगी एमी. चिपच्या कंपनीत होती आणि प्राजक्ताच्याच शटल बसने ऑफिसला जायची. आईबद्दल ती एकदा प्राजक्ताकडे कुरकुरली होती. आई हीटर लावू देत नाही. भातात जव मिसळून खाते. एक दिवस आड आंघोळ करते, तीही लगबगीने. जेवताना एक शब्द बोलत नाही.

"म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं, आमच्या आई पण हीटर बंद करतात," असं प्राजक्ताने तिला सांगितलं म्हणे. मी बिल येतं म्हणून बंद करायची, ती गोष्ट वेगळी.

मग एक दुपार आली. मी वाटीत शिरा घेऊन गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत मिचिकोबाई जमिनीवर गुडघे दुमडून, पाठ ताठ करून दाराकडे तोंड करून बसल्या होत्या. मांडीवर दोन्ही हात. बाजूला अंथरुणाची घडी, कोपऱ्याला कोपरा. भिंतीवर दोन घड्याळं होती, एक इथलं आणि एक कुठलं तरी. माझ्याकडे बघूनही त्यांनी पापणी हलवली नाही. मला वाटलं पूजा आहे. मी वाटी खाली ठेवली आणि त्यांच्या मागे बाजूला जाऊन तशीच बसले. माझीही पाठ ताठ झाली. बाहेर गाडीची शिट्टी झाली, कॅल्ट्रेन गेली, खिडकी थरथरून शांत झाली. थोड्या वेळाने त्या उठल्या, एका कोपऱ्याकडे वळून खूप खाली वाकल्या, आणि मग शिरा खाल्ला.

त्यांनीच मग एमीला सांगितलं असावं की आजी-सानला सगळं सांग. कारण एमी एका शनिवारी आमच्याकडे आली, सोफ्याच्या कडेवर बसली आणि प्राजक्ताला इंग्रजीतून सांगू लागली. प्राजक्ता मला मराठीतून. मी भाजी निवडत होते, ती तशीच राहिली.

एमीचा धाकटा भाऊ जपानात तुरुंगात होता. ऑफिसच्या पार्टीत प्यायला, गाडी चालवली, आणि सायकलवरचा एक माणूस गेला. त्या माणसाला बायको होती. मुलाने कोर्टात काहीच नाकारलं नाही. तिथे बहुतेक सगळे कबूलच करतात, एमी म्हणाली. कोर्टात आईला उभं केलं होतं. जज्जाने विचारलं, हा सुटून आल्यावर तुम्ही काय कराल? मिचिकोबाईंनी सांगितलं, मी त्याला माझ्या घरी ठेवून घेईन, त्याच्यावर लक्ष ठेवीन. तसं सगळ्यांसमोर वचन दिलं. त्यानंतर गल्लीतली माणसं त्यांच्याशी बोलायची बंद झाली. भांडलं कुणी नाही, शिव्या दिल्या नाहीत. नमस्कार केला की दुसरीकडे बघायची. घराला कुलूप लावून एमी त्यांना इकडे घेऊन आली.

वर्षातून एकदा त्या जाऊन मुलाला भेटून यायच्या. मध्ये काच. शेजारी एक अधिकारी बसून बोलणं लिहून घेणार. वेळ इतका थोडा की मायलेकरांना आधी काय विचारावं तेच कळू नये. म्हणून मुलगा आपला दिवस सांगायचा. घंटा झाली की उठायचं. अंथरुणाची घडी, कोपऱ्याला कोपरा. दाराकडे तोंड करून बसायचं, मोजणी होते, आपला नंबर म्हणायचा. मग ओळीने, हात हलवत, पावलाला पाऊल लावून कारखान्यात. तो लाकडी खणांची कपाटं बनवायचा. काम करताना बोलायचं नाही, मान वळवून बघायचं नाही. हातातून काही पडलं तर उचलायलासुद्धा हात वर करून परवानगी घ्यायची. जेवण पुढे आलं तरी हुकूम झाल्याशिवाय घास घ्यायचा नाही. नववर्षाला तेवढं गोडधोड मिळतं.

"थंडी वाजते का रे?" आईने विचारलं होतं.

"नाही," तो म्हणाला. पण काचेतून त्याची बोटं दिसत होती. थंडीने सुजून लाल झालेली, भेगाळलेली. कोठडीत शेगडी नसते.

परत आल्यावर मिचिकोबाईंनी हीटर बंद केला. दुसरं घड्याळ लावलं. इथे दुपार असते तेव्हा त्याची दुसऱ्या दिवसाची सकाळ होते. तेव्हा त्या दाराकडे तोंड करून बसत. आणि तो कोपरा? तो त्या गेलेल्या माणसासाठी. आधी लेकाची मोजणी, मग त्या माणसाला नमस्कार.

एमी रडत होती. प्राजक्ताने तिला पाणी दिलं. मला मात्र सगळं एकदम ओळखीचं वाटलं. आमच्या सासूबाई चातुर्मासात मीठ सोडायच्या, कुणी विचारलं तर सांगायच्या नाहीत. "हे व्रत आहे गं," मी प्राजक्ताला म्हटलं. "बाईने व्रत धरलंय."

रात्री जेवताना अविनाशने ऐकलं आणि त्याचा घास थांबला. "आई, जरा जपून हं. जेलबिल... आपण नीट ओळखत नाही त्यांना. ईरा असते बरोबर."

"अरे, काय यार तू," प्राजक्ता म्हणाली. "तुझ्या आईला इथे पहिल्यांदा कुणी मैत्रीण मिळालीय. त्या काकूंनी काय केलंय?"

"मी कुठे काय म्हणतोय? नुसतं जपून म्हटलं."

माझ्या आयुष्यात मी ताटावर बसलेल्या माणसाला कधी उलट बोलले नव्हते. नवऱ्याला नाही, लेकाला तर नाहीच. मी वाढत होते, वाढताना म्हटलं, "मी जाणार."

अविनाशने वर पाहिलं. मग म्हणाला, "बरं. आमटी वाढ." तो वाईट नाही हो. बापासारखाच आहे, काळजी वाटली की आवाज मोठा होतो.

त्याच दिवसांत टेंभरं काढायची वेळ आली. बंगल्यातले म्हातारे गोरे काका ती फळं खात नसत, सांडतात म्हणून वैतागायचे. मिचिकोबाई टोपल्या भरून आणायच्या. त्यांच्याकडे ती वाळवतात, हे मला तेव्हा कळलं. कच्ची, जीभ आवळणारीच घ्यायची. साल काढायचं, देठ ठेवायचा, देठाला दोरी बांधून क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवायची आणि गॅलरीत टांगायची. आठवडाभराने वरचं आवरण सुकलं की रोज एकेक फळ हातात घेऊन बोटांनी हळूहळू चोळायचं. बाळाचे हातपाय चोळतात तसं. जोर झाला तर फाटतं. चोळलं नाही तर आतून दगड राहतं.

त्या दिवशी त्यांच्या स्वयंपाकघरात आम्ही चौघी सालं काढत बसलो होतो. नुकताच जपानहून निरोप आला होता. मुलाची वागणूक चांगली आहे, त्याला थोडं आधी सोडतील. पण त्याला ठेवून घेणारं माणूस हवं. एक अधिकारी घर बघायला येणार, घरात कोण आहे, चूल पेटते का, सगळं बघणार. कुलूप लावलेल्या घरात कुणाला पाठवत नाहीत.

एमीचं म्हणणं, आईने जाऊ नये. अशा लोकांसाठी तिथे संस्था आहेत, तिथे राहील तो. गुडघे असे, एकटी बाई, आणि ती गल्ली.

मिचिकोबाईंचा चाकू चालूच होता. साल निघत होतं, अखंड, लांबच लांब. मग त्यांच्या हातातून चाकू खाली पडला. आणि चाकू उचलायच्या आधी त्यांचा उजवा हात वर गेला. खांद्याच्या वरपर्यंत, सरळ. एमीने पाहिलं, मी पाहिलं. त्यांनी स्वतःही पाहिलं आणि हात पटकन खाली घेतला.

मग त्या जपानीत हळू आवाजात काही बोलल्या. एमीने इंग्रजीत सांगितलं, प्राजक्ताने मला. "त्या म्हणतायत, मला थंडीची भीती नाही. मला त्या गल्लीतून चालायची भीती वाटते. आजी-सान, तुम्ही काय केलं असतं?"

मला कुणी असं विचारलं नव्हतं कधी. मी कोण सांगणारी! मला खालच्या दुकानात एकटीने जायची भीती वाटते. तेच म्हटलं आधी. "तिला सांग, मला पण भीती वाटते. लोकांची. दाराबाहेरचीच."

ते सांगून झालं. मिचिकोबाई माझ्याकडे बघत राहिल्या. आणखी काही आहे, असं त्यांना कळत होतं.

"आणि सांग, व्रत धरलं की त्याचं उद्यापन करावं लागतं. नाहीतर ते सुटत नाही. आणि उद्यापन आपल्या चुलीवर करायचं असतं. कुणाला तरी घरी बोलावून, पोटभर वाढून. लेकीच्या घरी नाही होत ते."

"आई, उद्यापनाला इंग्लिशमध्ये काय म्हणू आता?"

"एवढं शिकलीस ना? बघ काहीतरी."

प्राजक्ता बराच वेळ बोलत होती, हातवारे करून. एमी ऐकत होती. मग तिने आईला सगळं सांगितलं. माझी दोन वाक्यं तिथे पोचेपर्यंत केवढी तरी लांब झाली होती. मिचिकोबाईंनी शेवटच्या फळाचं साल काढलं, दोरीला बांधलं, हात धुतले. मग उठून गुडघ्यांवर हात टेकत मला वाकून नमस्कार केला. मी घाबरून उलटा नमस्कार केला, त्यांनी पुन्हा केला, मी पुन्हा. शेवटी प्राजक्ताच म्हणाली, "अहो, पुरे आता, कंबर जाईल दोघींची!"

फळं दोरीवर ओली होती तेव्हाच त्या गेल्या. जायच्या दिवशी सगळ्या माळा आमच्या गॅलरीत आणून बांधल्या. माझे हात आपल्या हातात घेऊन, बोटं कशी फिरवायची ते पुन्हा एकदा दाखवलं. "आजी-सान, थँक्यू," म्हणाल्या. मग थोडं थांबून "सॉरी." तिसऱ्या शब्दाची त्या दिवशी गरज पडली नाही.

रोज दुपारी मी गॅलरीत पाट टाकून बसायची. एकेक फळ चोळायची. त्या आता त्या गल्लीतून चालत असतील का, असं मनात यायचं. कुलूप उघडलं असेल. घर बघायला अधिकारी आला असेल, त्याला चहा दिला असेल. शेजारीण दुसरीकडे बघत असेल. मी फळाला म्हणायची, अगं बाई, चालत राहा. मोठ्याने म्हणायची हो, आसपास मराठी कळणारं होतंच कोण.

फळं आक्रसली, काळपट झाली, नरम पडली. आणि एक दिवस बघते तर सगळ्यांवर पांढरं आलेलं. माझा जीव गेला. बुरशी! बाईने विश्वासाने दिलं आणि माझ्या हातून कुजलं. मी सुती फडकं घेतलं आणि एकेक फळ घासून पुसायला बसले.

तेवढ्यात एमी आली. फडकं बघून "नो, नो, नो!" करत धावलीच. मग ईराला बोलावलं, तिने सांगितलं मला. "आजी, that's sugar! आतली शुगर बाहेर येते. That means it's done."

निम्मी फळं मी चकाचक पुसून टाकली होती. एमी हसायला लागली, हसता हसता तिथेच पाटावर बसली. "काही नाही होत," तिने ईराकडून सांगितलं. "थंडीत ठेवा. पुन्हा येईल." आणि खरंच, थोड्या दिवसांनी पुन्हा आलं, पहिल्यापेक्षा दाट.

पण त्या दिवशी एमी सांगायला आली होती ते दुसरंच. ईराला तिने आत पाठवलं, प्राजक्ता ऑफिसमधून येईपर्यंत थांबली, मग सांगितलं.

मिचिकोबाईंचा मुलगा आला होता घरी. हातात एक पिशवी. दाराशी येऊन नुसता उभा राहिला, दाराला हात लावला नाही. तुरुंगात इतकी वर्षं दार दुसरंच कुणी उघडत होतं. मिचिकोबाईंनी उघडलं. आंघोळीचं पाणी काढलं, त्याला हवा तितका वेळ पाण्यात बसू दिलं. शेगडी पेटवली. पांढरा भात केला, जव न घालता. वाढलं. दोघं समोरासमोर बसले.

आणि दोघंही बसूनच राहिले. त्याचे हात मांडीवर, पाठ ताठ. तिचे हात मांडीवर, पाठ ताठ. भाताची वाफ निघून चालली होती. तो हुकमाची वाट बघत होता. आणि तिलाही इतकी सवय झाली होती की तीही वाट बघत होती. हुकूम द्यायला घरात दुसरं कुणी नाहीच, ते तिला नंतर उमगलं. मग मिचिकोबाईंनी उजवा हात वर केला. खांद्याच्या वर, सरळ. कारखान्यात परवानगी मागतात तसा.

मुलगा बघतच राहिला. "तुला हे कुणी शिकवलं?"

"तूच सांगितलं होतंस," ती म्हणाली. "जेव."

तो आधी हसला म्हणे, मग रडला, मग जेवला. दोनदा भात घेतला. शेजारची बाई अजून बोलत नाही. पण मिचिकोबाई रोज सकाळी दार उघडून झाडतात आणि तिला नमस्कार करतात.

त्याला आता बरीच वर्षं झाली. एमी दुसऱ्या गावाला गेली. अविनाशने घर घेतलं तेही त्याच झाडाच्या बाजूला, म्हणजे मी हट्ट केला म्हणून. माळा मी दरवर्षी टांगते. पांढरं आलं की फडक्याला हात लावत नाही. डब्यात भरून जपानला पाठवायला प्राजक्ताला सांगते, आणि तिकडून कोपऱ्याला कोपरा लावून बांधलेला चहाचा पुडा येतो.

आमच्या घरी पूर्वी असं होतं की पानं वाढून झाली की सगळे अविनाशची वाट बघायचे, त्याने घास घेतला की बाकीचे. मी तर सगळ्यात शेवटी, उभ्यानेच. त्या वर्षापासून मी आधी बसते. सगळ्यांची ताटं भरली की मीच म्हणते, "हं, घ्या. निवू देऊ नका."

ईरा आता मोठी झाली, माझ्याहून उंच. कधी लहर आली की ताटापुढे पाठ ताठ करून बसते, हात मांडीवर, आणि हळूच एक हात वर करते. "आजी, permission?"

"खा गं बाई," मी म्हणते. "गरम आहे तोवर खा."